डेव्हिस कप: आधी खेळाडू ठरवायचा की कोर्ट? आणि पुण्याच्या बालेवाडीचं काय? (सप्टेंबर २०२५ चा धागा)

बेसलाइन_बंडू
टेनिसच्या डेव्हिस कपमध्ये, म्हणजे पुरुषांच्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत, आपण स्वित्झर्लंडला त्यांच्याच बील गावात ३-१ हरवून आलो आणि आमच्या सगळ्या ग्रुपांवर आशिया कपच्या क्रिकेटचीच चर्चा. म्हणून इथे धागा काढतोय. युरोपात जाऊन युरोपियन संघाला हरवायला आपल्याला १९९३ नंतर आत्ता जमलंय. तेव्हा फ्रेजूसला लिअँडर पेस आणि रमेश कृष्णन यांनी फ्रान्सला त्यांच्याच क्ले (मातीच्या) कोर्टवर गारद केलं होतं.

आता २०२६ च्या फेब्रुवारीत क्वालिफायर्सची पहिली फेरी. ड्रॉ व्हायचाय. लढत घरी मिळाली तर ती कुठे खेळवायची आणि कोणत्या कोर्टवर?

नव्या मंडळींसाठी: दोन देश आळीपाळीने यजमान होतात, आधी गाठ पडली नसेल तर चिठ्ठी टाकतात. शहर आणि कोर्टचा प्रकार यजमान ठरवतो. संघात पाच जण. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी आणि उलट्या एकेरी, म्हणजे प्रतिस्पर्धी अदलाबदल करून. सगळे सामने तीन सेटांचे.

माझं मत सांगतो. आपल्याकडे गाडी उलटी जुंपलेली असते. आधी शहर ठरतं, म्हणजे ज्या राज्य संघटनेकडे प्रायोजक तयार असेल ते. मग तिथे जे कोर्ट असेल ते 'आपलं बलस्थान' म्हणून जाहीर होतं. आणि सगळ्यात शेवटी त्या कोर्टवर आपल्यातलं कोण तग धरेल याचा शोध सुरू होतो. खरं तर एकेरीच्या एक नंबरच्या खेळाडूला पहिल्यांदा विचारायला हवं, की बाबा रे, तुला काय हवंय? त्यावरून कोर्ट आणि मग शहर.

आणि बालेवाडीत पुरुषांची शेवटची लढत झाली २०१७ ला. त्यानंतर एकही नाही. का?

टवाळखोर_तात्या
पहिला! आता वाचून येतो.

निनाद_निगडी
बंडूशेठ, खेळाडूला काय विचारायचंय? आपलं कोर्ट म्हणजे ग्रास. १९६६, १९७४, १९८७, तिन्ही फायनल आपण गवताच्या जिवावर गाठल्या. ८७ ला दिल्लीत अर्जेंटिनाला काढलं, मग सिडनीत ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच गवतावर. ९५ ला दिल्लीत क्रोएशियाचा इव्हानिसेविच दोन सेट पुढे होता, लिअँडरने तिथून सामना फिरवला. हार्ड कोर्टवर तो फिरला असता का? पाहुण्यांना जे खेळता येत नाही ते पुढ्यात वाढायचं, एवढी साधी गोष्ट आहे.

एस_व्हॉली
निनाद, ती मंडळी गवतावरच वाढली होती. आत्ताच्या पोरांचं काय? आपल्या देशात आज किती अकादम्यांत ग्रासकोर्ट आहे सांग. पोरगं सहाव्या वर्षापासून हार्ड कोर्टवर, बरंच झालं तर क्लेवर. मग एकदम डेव्हिस कपला त्याला गवतावर उभं करायचं आणि 'हे आपलं घर' म्हणायचं!

२०१९ चं कोलकाता आठव. समोर इटली, म्हणून साउथ क्लबचं गवत निवडलं. इटलीवाले मातीतले, इथे घसरतील असा हिशोब. झालं काय? सेप्पीने रामकुमारला हरवलं, बेरेट्टिनीने प्रज्ञेशला. दुहेरीत बोपण्णा आणि दिविज शरणने एक गुण काढला आणि आपण १-३ ने हरलो. त्याच बेरेट्टिनीने पुढे जूनमध्ये स्टुटगार्टची ग्रासकोर्ट स्पर्धा जिंकली आणि दोन वर्षांनी विम्बल्डनच्या फायनलला गेला. गवत त्याला अडचणीचं होतं की आवडीचं, हे आपल्या निवडकर्त्यांना कोणी विचारलं होतं का?

निनाद_निगडी
आणि २०२२ चं दिल्ली जिमखाना? डेन्मार्क, गवत, ४-०. ते सोयीस्करपणे विसरलास.

एस_व्हॉली
त्यांचा एक नंबरचा रूने आला नव्हता रे. वर्षभराने डेन्मार्कमध्ये हिलेरॉडला हार्ड कोर्टवर तो आला आणि आपण २-३ ने हरलो. तिथेही निवडीचा घोळ आहेच. पहिल्या दिवशी रूनेसमोर एकेरीला कोण? युकी भांब्री. जो तोवर दुहेरीकडे वळला होता. शेवटच्या सामन्यात प्रज्ञेश जिंकला, पण तोवर लढत गेली होती.

आप्पा_प्रभातरोड
तरुण मंडळींची चर्चा वाचून बरे वाटले. निनाद यांनी १९७४ चा उल्लेख केला म्हणून लिहितो. त्या वर्षी उपांत्य लढत आपल्या पुण्यात झाली होती हे किती जणांना ठाऊक आहे? समोर सोव्हिएत रशिया, त्यांचा मेत्रेवेली म्हणजे विम्बल्डनचा उपविजेता. अमृतराज बंधूंच्या जोरावर आपण ३-१ ने जिंकलो. मी कॉलेजात होतो. गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. त्याआधी कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवले होते, ती लढतही अशी लांबली होती की बोलता सोय नाही.

आणि मग अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिका. आपण वर्णद्वेषाच्या निषेधार्थ खेळायला नकार दिला. चषक त्यांना न खेळता मिळाला. विजय आणि आनंद तेव्हा ऐन भरात होते. त्यामुळे खेळाडू कोण आणि मैदान कोणते याच्याही आधी एक प्रश्न असतो, खेळायचे की नाही. तो प्रश्न तेव्हा सरकारने सोडवला आणि माझ्या मते योग्य सोडवला. आमच्या घरात मात्र यावर दोन तट होते. वडील शेवटपर्यंत म्हणत, खेळून हरवायला हवे होते.

टवाळखोर_तात्या
वाचून आलो. आप्पा, ५१ वर्षांपूर्वी पुण्यात लढत झाली म्हणजे पुणं 'एकदा दिली होती की' या यादीत गेलं. आता पुढच्या शतकात.

बेसलाइन_बंडू
आप्पा, वा! ७४ चं पुणं मला खरंच ठाऊक नव्हतं. सविस्तर लिहा कधीतरी, वेगळा धागा काढा.

तात्या, २०१७ झालीय मध्ये. वाचा तरी नीट.

फोरहँड_वीणा
बंडू, 'पुण्याला लढत का नाही' हे वाचून जरा राग आला, खरं सांगते. याच वर्षी एप्रिलमध्ये म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कप, म्हणजे बायकांचा डेव्हिस कप, झाला. आशिया-ओशनियाचा पहिला गट, सहा देश. न्यूझीलंडकडून हरलो आणि मग थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई, कोरिया, चौघांना हरवून प्ले-ऑफ गाठला. श्रीवल्ली भामिदीपाटीने पाचच्या पाच एकेरी जिंकल्या. पाच! बायकांचा संघ हा राष्ट्रीय संघ नसतो का?

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. श्रीवल्ली उंच, सर्व्हिस दणकट, चेंडू सपाट मारते. त्या कोर्टवर तिचा फटका पडला की चेंडू समोरचीला जागा बदलायला वेळच देत नव्हता. उन्हात बाजू बदलताना मुली बर्फ गुंडाळलेला टॉवेल मानेभोवती टाकून बसायच्या, आणि हिची मात्र तिसऱ्या सेटलाही पहिली सर्व्हिस तशीच जोरात. कर्णधार विशाल उप्पलने तिच्यावर विश्वास टाकला आणि तो रोज टाकला. एक सामना डळमळला की दुसरीला आणा, असं केलं नाही. संघात आपली बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती, आणि पुण्यात राहून तयार झालेली अंकिता रैना.

प्रेक्षकांत शाळेची पोरं, क्लबांतल्या बायका, कोच मंडळी. या धाग्यावरचे किती पुरुष आले होते?

टवाळखोर_तात्या
वीणाताई, मी आलो होतो. मुलगी बॉलगर्ल होती म्हणून आलो होतो, पण आलो होतो.

निनाद_निगडी
सिंहगड रोडवरून ऑफिस सुटल्यावर बालेवाडीला पोचेपर्यंत दुहेरीसुद्धा संपते हो ताई.

फोरहँड_वीणा
निगडीला राहता ना तुम्ही?

निनाद_निगडी
ऑफिस सिंहगड रोडला आहे. :)

रोलरवाला
बऱ्याच दिवसांनी आमच्या धंद्यातला विषय निघाला. मी कोर्टं बनवतो, म्हणून दोन शब्द.

इथे सगळे 'हार्ड कोर्ट' असं एका शब्दात बोलताय. ते एक कोर्ट नाहीच. खाली डांबर किंवा काँक्रीट, त्यावर ॲक्रिलिकचे थर, आणि त्या थरांत मिसळलेली सिलिका वाळू. सगळा खेळ त्या वाळूचा आहे. जाड वाळू, जास्त प्रमाणात घातली की चेंडू टप्प्याला पकडला जातो, वर उसळतो, कोर्ट संथ होतं. बारीक आणि कमी घातली की चेंडू सरकत येतो. आंतरराष्ट्रीय महासंघ कोर्टच्या वेगाचे संथपासून वेगवानपर्यंत पाच वर्ग करतो, आणि एकाच बनावटीच्या रंगातून त्यातले तीन-चार वर्ग आम्ही काढून देऊ शकतो. रबरी पात्याचा स्क्वीजी घेऊन माणसं एका रांगेत रंग ओढत जातात. हात मध्ये थांबला की पट्टा उमटलाच. पुण्याच्या दुपारच्या उन्हात ओढलात तर थर वरून वाळतो, आतून नाही, आणि दोन महिन्यांत पापुद्रे. म्हणून हे काम पहाटे.

सपाटीची परीक्षा सोपी आहे. कोर्ट पाण्याने भिजवायचं, तासभर उन्हात वाळू द्यायचं, जिथे डबकं राहिलं तिथे नाणं ठेवायचं. नाणं पाण्याखाली गेलं तर तो खड्डा, भरून घ्यायचा. मोठमोठ्या क्लबांत मी हे नाणं टाकलंय आणि ते बुडालंय. नावं विचारू नका, बिलं यायची आहेत.

सांगायचा मुद्दा, आपल्या एकेरीतल्या एक नंबरच्या सुमित नागलला संथ हार्ड कोर्ट हवं असेल तर ते भारतात कुठेही महिनाभरात करून मिळेल. त्यासाठी शहर बदलायची गरज नाही, वरचा थर बदलायची आहे. पण मला आजवर एकदाही असा फोन आलेला नाही की 'आमचा एक नंबरचा खेळाडू असा असा खेळतो, त्याला जमेल असं कोर्ट करा'. फोन येतो तो 'निळं करा, टीव्हीवर छान दिसतं'.

एस_व्हॉली
रोलरवाला, ही माहिती सोन्यासारखी आहे. आणि गवताचं काय? ते महिनाभरात होतं?

रोलरवाला
छे. गवत लावून, मुरवून, कापून, रोलर फिरवून खेळण्यालायक व्हायला दिवस नाही, हंगाम लागतात. म्हणूनच ग्रासची लढत म्हटली की दिल्ली, कोलकाता अशी ठरलेली दोन-चार ठिकाणं. गवत निवडलं म्हणजे शहरही निवडलंच.

कॅल्क्युलेटर_काका
नागलचं नाव निघालंच आहे तर माझी एक शंका. २०२४ ला स्वीडनविरुद्ध पाठदुखीचं कारण देऊन तो गेला नाही, आपण स्टॉकहोमला ०-४ हरलो, आणि मग टेनिस संघटनेने जाहीर केलं की त्याने वर्षाला ५०,००० डॉलर मागितले होते. देशासाठी खेळायला पैसे? आमच्या पिढीला हे पचत नाही. त्याच वर्षी इस्लामाबादलाही तो आणि मुकुंद गेले नव्हते. तरी ४-० जिंकलोच. मग अशा खेळाडूंवाचून अडतं कुठे?

फोरहँड_वीणा
काका, इस्लामाबादला गवत होतं. नागलचा खेळ गवताला साजेसा नाही, आणि न जाण्याचं कारण त्याने तेच दिलं होतं. आमच्यासाठी निवडलेलं कोर्ट नव्हतं ते, पाकिस्तानने निवडलेलं होतं. तिथे रामकुमार, बालाजी, युकी यांना पाठवणं हीच बरोबर निवड होती. पाचातले चार खेळाडू कोर्टनुसार बदलायला हरकत काय आहे?

पैशांबद्दल. माझी भाची ज्युनियर खेळते. प्रशिक्षक, फिजिओ, विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा, सगळं घरचं. वरच्या पातळीवर हाच खर्च कित्येक पटींनी होतो, आणि तिथेही प्रशिक्षकाचा पगार खेळाडूच देतो. डेव्हिस कपला रँकिंगचे गुण मिळत नाहीत. म्हणजे त्या आठवड्यात चॅलेंजर (दुसऱ्या फळीची व्यावसायिक स्पर्धा) सोडायची, गुण सोडायचे, युरोपातल्या क्लेवरून उठून दुसऱ्या कोर्टवर यायचं आणि परत जुळवून घ्यायचं. त्याचा मोबदला मागितला तर देशद्रोह? नागल म्हणाला की जगभर खेळाडूंना मानधन मिळतं, ते खोटं नाही.

कॅल्क्युलेटर_काका
मोबदला घ्या, नाही कोण म्हणतं. पण वार्षिक फी म्हणजे खेळो न खेळो?

एस_व्हॉली
काका, क्रिकेटमध्ये त्यालाच 'केंद्रीय करार' म्हणतात आणि तिथे आपण टाळ्या वाजवतो.

टवाळखोर_तात्या
एस_व्हॉली यांनी दोन हात न वापरता बॅकहँड मारला आहे.

झुरिचचा_सदू
मी बीलला होतो, दोन्ही दिवस. बंदिस्त हार्ड कोर्ट, चेंडूचा आवाज असा घुमत होता की पहिले चार गेम मला त्याचीच मजा वाटत होती.

पहिल्या दिवशी दक्षिणेश्वर सुरेशचं नाव पाहून आमच्या रांगेत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मदुराईचा मुलगा, अमेरिकेत वेक फॉरेस्ट कॉलेजकडून खेळतो, रँकिंग सहाशेच्या पलीकडे, डेव्हिस कपचा पहिलाच सामना. समोर जेरोम किम, रँकिंगमध्ये कितीतरी वर. आमच्या पुढच्या रांगेतले स्विस आजोबा आरामात सँडविच खात होते. सुरेशची सर्व्हिस सुरू झाली आणि सँडविच तसंच हातात राहिलं. साडेसहा फुटांच्या आसपास उंची आणि बंदिस्त कोर्ट, वारा नाही, ऊन नाही. तो नुसता धरून होता, सर्व्हिस गमावायचं नावच नाही. टायब्रेक घेतला आणि मग दुसऱ्या सेटमध्ये मोकळा सुटला.

कर्णधार राजपालला श्रेय द्यायला हवं. रँकिंगची यादी खिशात घालून त्याने त्या कोर्टला कोण शोभेल ते पाहिलं. नंतर नागलने ह्यूस्लरला हरवलं. दुसऱ्या दिवशी दुहेरी हरलो, पण नागलने तरुण बर्नेटला हरवून लढत संपवली. नागलही दोन वर्षांनी संघात परतला होता हे विसरू नका.

म्हणजे बंडूच्या प्रश्नाला माझं उत्तर, कोर्ट आपलं नव्हतं, निवड आपली होती, आणि तेवढ्यावर जिंकलो.

बेसलाइन_बंडू
सदू, मस्त लिहिलंस. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो ना? आता एकेरीत दोन खेळाडू आहेत, एक नागल, ज्याला संथ आणि उसळी असलेलं हवं, आणि एक सुरेश, ज्याला वेगवान हवं. घरी लढत मिळाली तर कोणाच्या बाजूने कोर्ट करायचं?

रोलरवाला
मधलं. वाळू मध्यम. दोघंही चिडतील, पण सारखेच चिडतील. आमच्या सोसायटीच्या कमिटीत गेटचा रंग असाच ठरतो.

एस_व्हॉली
हवामानाचाही विचार करा. २०२३ ला लखनौला मोरोक्कोविरुद्ध सप्टेंबरमध्ये खेळलो. दमट हवा, पाहुणे वितळतील म्हणून सगळे खूश. पहिल्याच सामन्यात पोटऱ्यांत गोळे कोणाला आले? आपल्या मुकुंदला. सामना सोडावा लागला. बाकी लढत ४-१ ने जिंकली, नागलने दोन्ही एकेरी काढल्या, बोपण्णाचा निरोपही झाला. पण हवेला पासपोर्ट कळत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

पुण्याचं त्या दृष्टीने बरं आहे. फेब्रुवारीत कोरडी हवा, दुपारी तिशीच्या आसपास, संध्याकाळी गारवा. उंची साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे चेंडू मुंबई-चेन्नईपेक्षा थोडा जास्त पळतो. बंगळुरूला त्याहून जास्त, नऊशेच्या पुढे. सुरेशला हे आवडेल, नागलसाठी रोलरवाल्यांनी वाळू वाढवावी. सप्टेंबरची लढत मात्र पुण्याला मागूच नये. बालेवाडीच्या कोर्टवर छप्पर नाही, आणि गणपतीतला पाऊस कोणाचं ऐकत नाही.

निनाद_निगडी
मग फेब्रुवारीत मागा. २०१७ पण फेब्रुवारीच होती. मी होतो तेव्हा. न्यूझीलंड, ४-१. युकी आणि रामकुमार एकेरीत भारी खेळले. पण शनिवारी सगळं बालेवाडी आलं होतं लिअँडरसाठी. जिंकला असता तर ४३ वा दुहेरीतला विजय, इटलीच्या पिएत्रांजेलीच्या विक्रमाच्या पुढे. आणि हरले! सिटाक आणि व्हीनसने हरवलं. लोक उठायलाच तयार नव्हते.

कॅल्क्युलेटर_काका
त्या संघात बोपण्णा नव्हता. मायनेनी जायबंदी झाला म्हणून ऐनवेळी विष्णुवर्धनला आणलं. म्हणजे विक्रम करायचा होता लिअँडरला आणि जोडीदार मिळाला आदल्या आठवड्यात. याला निवड म्हणतात? नंतर भूपती कर्णधार झाला, बंगळुरूला लिअँडरला वगळलं, त्यावरून व्हॉट्सॲपचे निरोप फेसबुकवर. आणि विक्रम झाला तो २०१८ ला तिआनजिनला, बोपण्णाबरोबर, ज्याने २०१२ च्या ऑलिम्पिकला त्याच्याबरोबर खेळायला नकार दिला होता! चीनविरुद्ध ०-२ वरून ३-२ ने जिंकलो आपण.

आप्पा_प्रभातरोड
काकांच्या या परिच्छेदात भारतीय टेनिसची वीस वर्षे मावली आहेत.

परदेशी_पाटील
एक वेगळा मुद्दा. आपण एवढं डोकं खाजवतो, पण अमेरिकेत भारतीय वंशाचे केवढे खेळाडू आहेत. राजीव राम, आता निशेश बसवरेड्डी. २००८ पर्यंत प्रकाश अमृतराज खेळायचाच की आपल्याकडून. मग सरकारने भारतीय पासपोर्टच हवा असा नियम केला. तो उठवला तर नागल-सुरेश करत बसावं लागणार नाही.

फोरहँड_वीणा
आणि इथे जी पोरं घडताहेत त्यांना काय सांगायचं? आपला अर्जुन कढे पुण्याचा, गेल्या वर्षी बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीला एटीपीचं (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक मालिकेतलं) दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. मानस धामणे पंधराव्या वर्षी बालेवाडीच्या एटीपी स्पर्धेत मुख्य फेरी खेळला. वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत बाहेरून माणूस आणून उभा केला की रांग मोडते.

परदेशी_पाटील
रांगेनं जगज्जेतेपद मिळतं का? ब्रिटनसारखे देशही बाहेर वाढलेले खेळाडू घेतात.

एस_व्हॉली
पाटील, हा विषय वेगळ्या धाग्यावर न्या, नाहीतर इथे दोनशे प्रतिसाद होतील आणि वाळू राहून जाईल.

बेसलाइन_बंडू
बरोबर. मूळ प्रश्नावर या. बालेवाडीला २०१८ पासून एटीपी २५० स्पर्धा होती, ती २०२३ नंतर संपली. तेव्हा सिमॉन, अँडरसन, व्हेसेली, सूझा, ग्रीकस्पूर असे विजेते पाहिले आपण. २०२२ ला दुहेरीत बोपण्णा-रामकुमार जिंकले. म्हणजे स्टेडियम, दिवे, सरावाची कोर्टं, बॉलबॉय, लाइनची माणसं, सगळं आहे आणि सगळ्यांना सवय आहे. मग लढत मागायला राज्याने कचरायचं कशाला?

कॅल्क्युलेटर_काका
पैसा. यजमान व्हायचं तर राज्य संघटनेने प्रायोजक उभा करायचा. दोन दिवसांची लढत, त्यातही आपण पहिल्या दिवशी ०-२ झालो तर दुसऱ्या दिवशी कोण येणार? एटीपी स्पर्धेला आठवडाभर जाहिरात दिसते. कंपनी कुठे पैसे घालेल?

फोरहँड_वीणा
म्हणूनच एप्रिलची स्पर्धा पुण्यात झाली असेल. सहा देश, पाच दिवस. तोच नमुना पुरुषांच्या लढतीला लावता येत नाही, हे मान्य. पण लढतीला जोडून चॅलेंजर ठेवता येईल. फेब्रुवारीत पुण्यात चॅलेंजर होतेच. खेळाडूंनी त्याच कोर्टवर, त्याच आठवड्याच्या पुढेमागे गुणही मिळवावेत आणि देशासाठीही खेळावं. नागलचाही प्रश्न बराचसा सुटतो, काकांचाही.

कॅल्क्युलेटर_काका
हे पटलं. पहिल्यांदाच.

निनाद_निगडी
अच्छा, म्हणजे गवत गेलंच का शेवटी?

आप्पा_प्रभातरोड
निनाद, गवत जाऊ द्या. मी ते पाहिले आहे, त्यावर प्रेमही आहे. पण ज्यांनी ते पायाखाली घेतलेलेच नाही त्यांच्याकडून ७४ ची अपेक्षा करणे अन्याय आहे. मला विचाराल तर नागल, सुरेश, दुहेरीला युकी आणि बालाजी, पाचवा एखादा विशीतला मुलगा, नुसता शिकायला. आणि खेळाडूंनी सही केल्याशिवाय कोर्टचा रंगसुद्धा ठरवू नये. २०१३ ला सोमदेव आणि मंडळींनी बंड केले, तेव्हा दुय्यम संघ घेऊन आपण दिल्लीत कोरियाकडून १-४ हरलो. खेळाडूंना न विचारता कारभार केला की काय होते ते तेव्हा दिसले आहे.

रोलरवाला
फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लढत धरली तर वरचा थर डिसेंबर अखेर ओढायला हवा. त्यानंतर त्यावर निदान तीन आठवडे खेळ व्हायला पाहिजे, नवी वाळू खरखरीत असते, जरा घासली जाऊन मग कोर्ट आपल्या वेगावर येतं. म्हणजे खेळाडूंचं मत नोव्हेंबरात कळायला हवं. जानेवारीच्या पंधरा तारखेला 'नागल म्हणतोय संथ करा' असा फोन आला तर मी उचलणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

टवाळखोर_तात्या
रोलरवाला, धागा संपायच्या आत एक विचारू का? आमच्या सोसायटीच्या कोर्टला तडे गेलेत. करून द्याल का, आणि साधारण खर्च?

रोलरवाला
बघायला येतो रविवारी. खाली डांबर आहे की काँक्रीट? आणि खेळणारे कसे आहेत, वेगवान हवंय की संथ?

टवाळखोर_तात्या
काँक्रीट. पण बॅडमिंटनचं आहे.